कुंडीतली कोथिंबीर, कढीपत्ता आणि पुदिना: पेरणीपासून फोडणीपर्यंत, आणि मध्ये नेमकं कुठे बिघडतं

धणे पेरले, आठ दिवस पाणी घातलं, कुंडीत काही हललं नाही. किंवा उगवलं, बोटभर झालं आणि एका रात्रीत आडवं पडलं. नर्सरीतून आणलेला कढीपत्ता दोन वर्षं झाली तरी तेवढाच. पुदिना पावसात माजला आणि एप्रिलमध्ये नुसत्या काड्या उरल्या. या तक्रारी घरोघरी ऐकू येतात आणि खापर फुटतं ते 'हाताला गुण नाही' यावर. खरी कारणं बहुतेक वेळा तीनच असतात: हंगाम चुकतो, पाणी जास्त होतं, नाहीतर कात्री चुकीच्या जागी लागते.

आधी एक हिशेब करून घ्या. १२ इंच बाय १८ इंचांचा कोथिंबिरीचा एक ट्रे चांगल्या हंगामात पेरणीपासून शेवटच्या कापणीपर्यंत साधारण बाजारातल्या दोन जुड्यांइतकी कोथिंबीर देतो. दर रविवारी वड्या करायच्या असतील तर जुडी विकतच आणावी लागेल. घरची कोथिंबीर आमटीवर, पोह्यांवर भुरभुरायच्या मूठभर पानांसाठी. कढीपत्त्याचं तसं नाही. नीट वाढलेलं एक झाड चार माणसांच्या घराला वर्षभर पुरतं. जागा एकाच कुंडीची असेल तर कढीपत्ताच लावा.

## १. जागा ठरवा: आधी ऊन मोजा

सुट्टीच्या दिवशी सकाळी ८ ते संध्याकाळी ५ दर तासाला बघा, कुंडी ठेवायच्या जागी थेट ऊन आहे का. तास मोजून लिहून ठेवा. कोथिंबिरीला ४ तास पुरतात, तेही सकाळचे असले तर उत्तम. पुदिना ३ तासांत भागवतो. कढीपत्त्याला ५ ते ६ तास लागतात. गवती चहाला जितकं द्याल तितकं थोडं.

मात्र ही मोजणी वर्षभर खरी राहत नाही. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणून उत्तरेच्या बाल्कनीत त्या दिवसांत थोडंफार ऊन येतं आणि दक्षिणेच्या बाल्कनीतलं कमी होतं. थंडीत उलट होतं. सूर्य दक्षिणेला कलतो आणि दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. कोथिंबिरीचा हंगाम नेमका तोच, त्यामुळे तिच्यासाठी पूर्व किंवा दक्षिण बाजू निवडा.

सावधान: एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर काहीही ठेवू नका. त्या गरम वाऱ्यात पुदिना दोन दिवसांत कुरकुरीत होतो. कठड्यावर मोकळी कुंडी ठेवू नका. ग्रिलच्या आत ठेवली तरी तारेने बांधा.

## २. कुंडी आणि माती

कोथिंबिरीला ६ ते ८ इंच खोल, पसरट ट्रे किंवा भाजीचा प्लास्टिक क्रेट आतून गोणपाट लावून चालतो. पुदिन्याला खोली नको, रुंदी हवी: ६ इंच खोल, १२ इंच रुंद. कढीपत्त्याचं नर्सरीतलं रोप आधी १० ते १२ इंची कुंडीत लावा आणि दीड-दोन वर्षांनी १६ इंचीत हलवा. छोटं रोप एकदम मोठ्या कुंडीत लावलं तर मुळं न पोचलेली माती ओलीच राहते आणि कुजायला सुरुवात तिथून होते.

मिश्रण मापाने करा:

- २ भाग माती
- १ भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत
- १ भाग धुतलेलं कोकोपीट
- १२ इंची कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड

देशावरची काळी माती वापरत असाल तर मातीचं प्रमाण निम्मं करा आणि तेवढी जाडसर वाळू घाला. काळी माती वाळली की आकसते, कुंडीच्या कडेने फट पडते आणि घातलेलं पाणी मुळांना न शिवता त्या फटीतून खाली निघून जातं. वरून बघणाऱ्याला वाटतं, पाणी भरपूर झालं. कोकणातली लाल माती उलट, पाणी पटकन सोडते. तिथे कोकोपीट थोडं वाढवा.

कोकोपीटची वीट भिजवून थेट वापरू नका. तिच्यात मीठ असतं. बादलीत भिजवा, पिळा, पाणी फेका आणि हे दोनदा करा.

शेणखत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. पावसाळ्यानंतरच्या मातीचा वास आला तर तयार. कच्च्या खतात हुमणीची पांढरी, वळवटलेली अळी हमखास असते आणि ती मुळं खाते. खत पसरून चाळा, अळ्या वेचा, मगच मिसळा.

तळाशी खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर द्यायची पद्धत सोडून द्या. बारीक मातीतून जाड खडीत पाणी सहज उतरत नाही. ते खडीच्या वरच्या मातीत साचून राहतं, म्हणजे ओलावा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापराचा तुकडा उपडा ठेवला की माती वाहत नाही. तेवढं पुरे.

तपासा: ओलसर मिश्रण मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे. गोळा झालाच नाही तर कोकोपीट वाढवा. टोचूनही फुटला नाही तर वाळू वाढवा. मग कुंडी भरून लिटरभर पाणी ओता. पाच मिनिटांनंतरही वर डबकं असेल तर लावू नका, मिश्रण पुन्हा करा.

## ३. हंगाम

कोथिंबीर ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत पेरायची. पारा ३० अंशांच्या वर राहू लागला की ती पानं सोडून फुलावर जाण्याची घाई करते. उन्हाळ्यात पेरायचीच असेल तर निम्मं ऊन अडवणाऱ्या हिरव्या जाळीखाली, फक्त सकाळचं ऊन देऊन, आणि एकाच कापणीची अपेक्षा ठेवून. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तिथे हा खटाटोप करूच नये. पावसाळ्यात पेरलीत तर ट्रे छपराखाली हवा. थेट सरींनी कोवळी रोपं जमिनीला चिकटतात आणि तिथेच सडतात.

कढीपत्ता आणि गवती चहा लावायला जून-जुलै उत्तम. पुदिना मे आणि कडाक्याची थंडी सोडून केव्हाही.

## ४. कोथिंबीर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा भाग रेंगाळत वाचा.

१. धणे पारखा. डब्यातले धणे चालतात, पण भाजलेले नकोत आणि दोन वर्षांपूर्वीचे नकोत. २० धणे रगडून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि फडकं रोज ओलं ठेवा. १० दिवसांत दहा-बारा कोंबही दिसले नाहीत तर तो डबा मसाल्यालाच ठेवा आणि पेरायला बियाण्याच्या दुकानातून धणे आणा.

२. रगडा. एका धण्यात दोन बिया असतात. धणे फडक्यावर पसरून तळव्याने किंवा लाटण्याने हलकेच रगडा, की त्याच्या दोन वाट्या वेगळ्या होतात. अख्खा धणा उगवतच नाही असं नाही, पण उशिरा आणि मागेपुढे उगवतो. जोर लावून भरड केलीत तर बी मरतं. रगडल्यावर पीठ दिसायला लागलं तर हात जड पडला असं समजा.

३. भिजवा. रात्रभर, सुमारे १२ तास. पाणी तपकिरी होईल, ते ओता. मग निथळून ओल्या फडक्यात एक दिवस बांधून ठेवा. दोन-दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवलेले धणे गुदमरतात आणि आंबूस वास मारू लागतात.

४. पेरा. माती आदल्या दिवशी भिजवा. पेरताना वाफसा हवा, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी. तीन-तीन इंचांवर रेघा ओढा, एक सेंटिमीटर खोल. १२ बाय १८ इंचांच्या ट्रेला रगडलेले धणे दोन चहाचे चमचे. वरून माती सारून तळव्याने हलकं दाबा. मूठभरून फेकलेल्या धण्यांचं गवत होतं. रोपं उजेडासाठी एकमेकांवर चढतात, दोऱ्यासारखी लांब होतात आणि पडतात.

५. झाका आणि वेळेवर उघडा. ओलं गोणपाट किंवा वर्तमानपत्र अंथरा. उगवायला ८ ते १२ दिवस लागतात, थंडी जास्त असेल तर १५. सातव्या दिवशी उकरून बघायचा मोह आवरा, कारण त्या उकरण्यानेच कोंब तुटतात. पहिला हिरवा वाकडा कोंब दिसला, की त्याच दिवशी आच्छादन काढा.

६. पाणी. उगवल्यानंतरचे पहिले १५ दिवस निर्णायक. रोज ठरल्या वेळी पाणी घालायची सवय इथे घात करते. बोटाचं पहिलं पेर मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर उद्या. पाणी सकाळी, बारीक भोकांच्या झारीने, रोपांच्या बुडाशी. संध्याकाळी भिजलेली रोपं रात्रभर ओली राहतात, देठ मातीलगत तपकिरी होऊन दोऱ्यासारखा आवळतो आणि रोप आडवं होतं. ही मर. तिला औषध शोधत बसू नका. पडलेली रोपं मातीसकट काढा, दोन दिवस पाणी बंद करा, ट्रे वाऱ्याला ठेवा.

७. विरळणी आणि खत. खऱ्या पानांची पहिली जोडी आली की दाटीतली रोपं कात्रीने बुडाशी कापा. उपटलीत तर शेजारच्याचं मूळ हलतं. कोथिंबिरीचं मूळ सरळ खाली जाणारं असल्यामुळे उपटलेलं रोप दुसरीकडे लावून फारसं जगत नाही. कापलेली आमटीत घाला. २० दिवसांनी ओळींमधून गांडूळखताचा पातळ थर द्या.

८. कापणी. ३५ ते ४० दिवसांनी, ५-६ इंच उंची झाल्यावर. बाहेरची मोठी पानं देठासकट बुडापासून काढा, मधला कोवळा शेंडा ठेवा. एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त नाही. जुडीसारखं मुठीत धरून सपाट कापलंत तर मधला शेंडाही जातो आणि पुढे फक्त काड्या दिसतात.

तपासा: नवी पानं रुंद न येता शेपूसारखी बारीक यायला लागली का? मग झाड फुलावर चाललं आहे. दांडा कापून ते माघारी वळत नाही. उरलेली पानं लगेच काढा आणि दोन-चार झाडं तशीच सोडा. त्यांचे हिरवे धणे चटणीत वाटले तर वाळल्या धण्यांना नसणारा ताजा, लिंबासारखा वास येतो. ट्रे रिकामा व्हायची वाट न बघता दुसरा ट्रे पहिल्यानंतर १५ दिवसांनी पेरलेला असावा, म्हणजे खंड पडत नाही.

बाजारातल्या जुडीची मुळं खोचण्याचे व्हिडिओ खूप फिरतात. पानं येतात, पण चार-पाच, आणि मग थेट फूल. धणे पेरणं स्वस्त आणि खात्रीचं.

## ५. कढीपत्ता

रोप निवडताना उंची बघू नका. फुटभराचं, बुडापासून दोन-तीन फांद्या असलेलं रोप तीन फुटी एकट्या काडीपेक्षा चांगलं. एक पान चुरडून वास घ्या. वास हलका असेल तर ते रोप मोठं झाल्यावरही हलकाच राहणार. बियांपासून करायचं असेल तर पिकलेली काळी फळं घ्या, गर धुऊन काढा आणि काही दिवसांतच पेरा. वाळवून ठेवलेली बी उगवत नाही. कुणाच्या अंगणात मोठं झाड असेल तर त्याच्या मुळांतून आलेला धुमारा मुळासकट खणून आणणं सर्वांत सोपं.

नर्सरीतल्या रोपावर काय फवारलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. पहिला महिना त्याची पानं स्वयंपाकात वापरू नका.

शेंडा खुडा. 'वाढत नाही' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. रोप दीड फुटाचं झालं की वरचा तीन-चार इंचांचा शेंडा पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या सांध्याच्या, किंचित वर कापा. खालच्या पेरांतून दोन-तीन फुटवे येतात. ते सात-आठ इंचांचे झाले की त्यांचेही शेंडे खुडा. फेब्रुवारीअखेर, नवी पालवी सुरू होताना, सगळं झाड तिसऱ्या हिश्श्याने छाटून घ्या. फुलांचे पांढरे गुच्छ आले तर काढून टाका, नाहीतर झाडाची ताकद फळांत जाते.

आणि स्वयंपाक करता करता फोडणीपुरती चार पानं ओरबाडायची सवय मोडा. कढीपत्त्याचं एक 'पान' म्हणजे खरं तर ती अख्खी काडी, जिच्या दोन्ही बाजूंना छोटी पानं असतात. छोटी पानं ओढून घेतली तर उघडी काडी झाडावर वाळत राहते. काडी बुडाशी धरून खाली ओढून मोडा. जास्त हवा असेल तर शेंड्याकडची फांदीच कापा. झाड जितकं असं कापाल तितकं फुटतं. कढीपत्त्याला कात्रीची भीती नसते, तुमच्या बोटांची असते.

थंडी. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः नाशिक-पुण्याकडे, वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, थोडी गळतात. हे आजारपण नाही. या काळात पाणी निम्मं करा आणि खत बंद ठेवा. झाड मेलं समजून रोज पाणी घालणारे लोकच ते खरोखर मारतात. फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं तर मार्चपर्यंत थांबा.

ताक. आंबट ताक घातल्याने कढीपत्ता वाढतो हे घरोघरी सांगतात. दहापट पाणी घालून महिन्यातून एकदा दिलं तर चालतं. पण ताक हे खताला पर्याय नाही. न विरवता ओतलंत तर मातीवर बुरशी, वास आणि मुंग्या. खत म्हणून मार्च ते सप्टेंबर दर महिन्याला दोन मुठी गांडूळखत द्या.

नवीन पानं पिवळी, शिरा हिरव्या? हा लोहाचा तुटवडा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावरच्या कुंड्यांत नेहमी दिसतो. हिराकस (फेरस सल्फेट) २ ग्रॅम, एक लिटर पाणी, संध्याकाळी मातीत द्या, पानांवर नको. तीन आठवड्यांनी गरज वाटली तर पुन्हा एकदा. फरशीवर पडला तर गंजाचे डाग जात नाहीत.

पानावर पक्ष्याची विष्ठा दिसते? हात लावून बघा, बहुतेक वेळा ती अळी असते. लिंबावर येणाऱ्या फुलपाखरांचीच ही पिल्लं. लहानपणी तपकिरी-पांढरी, मोठी झाली की हिरवीगार, आणि दोन-तीन अळ्या छोटं रोप दोन दिवसांत भुंडं करतात. चिमट्याने उचला, एखाद्या लिंबाच्या झाडावर सोडा. फवारणीची गरज नाही. देठांवर तपकिरी खवले दिसले तर जुन्या दातांच्या ब्रशने घासून काढा, मग कडुलिंबाचं तेल ५ मिली, थोडा द्रव साबण, एक लिटर पाणी असं संध्याकाळी फवारा. त्यानंतर आठ दिवस पानं खाऊ नका.

## ६. पुदिना

बाजारातल्या जुडीतून जाड, ताठ काड्या निवडा. खालची पानं काढा, पेराखाली कापा, दोन पेरं पाण्यात बुडतील अशा ग्लासात ठेवा, पाणी एक दिवसाआड बदला. ७ ते १० दिवसांत पांढरी मुळं येतात. ती दोन इंचांची होण्याच्या आत मातीत लावा. पाण्यात फार वाढलेली मुळं मातीत गेल्यावर दगा देतात.

दुसऱ्या कशाबरोबर एका कुंडीत लावू नका. त्याचे धावरे, म्हणजे मातीलगत पसरणाऱ्या फांद्या, सगळी कुंडी व्यापतात. वर्षातून एकदा, जूनमध्ये, पूर्ण गड्डा बाहेर काढून चार तुकडे करा, एक नव्या मातीत लावा, बाकी वाटा. उन्हाळ्यात उरलेल्या काड्या ही याच दाटीची आणि दुपारच्या उन्हाची खूण. तेव्हा सगळं मातीपासून दोन इंचांवर कापून सावलीत ठेवा, पंधरा दिवसांत परत फुटतो.

## ७. गवती चहा आणि पानओवा

गवती चहाचा ठोंब कुणाकडून तरी मागून आणा, विकत घेऊ नका. पानं वीतभर ठेवून कापा, १४ इंची कुंडीत लावा, महिनाभर कापू नका. पुढे कापताना मातीपासून ४ इंच ठेवून कापा. पानांच्या कडा बोट कापतात, हे लक्षात असू द्या.

पानओवा, जाड लोकरीसारख्या पानांचा, काडी खोचली की लागतो. मरतो तो फक्त जास्त पाण्याने. डाळीच्या पिठाच्या भज्यांना हा छान. मसाल्याच्या डब्यातला ओवा मात्र वेगळ्याच झाडाचं बी आहे. याच्या कुंडीत ते शोधू नका.

## ८. खुडल्यावर: धुणं आणि ठेवणं

पानं सकाळी खुडा. दुपारी खुडलेली आधीच मलूल असतात. ठेवायची असतील तर धुऊ नका. कोथिंबीर फडक्यात, मग डब्यात. पुदिना काड्यांसह ग्लासभर पाण्यात, वरून पिशवी घालून फ्रिजमध्ये. कढीपत्ता काडीवरून काढून हवाबंद डब्यात, तळाशी कागद. धुऊन ओला ठेवलेला कढीपत्ता तीन दिवसांत काळा पडतो.

## ९. स्वयंपाकात

फोडणीचा क्रम. तेल तापलं, मोहरी. तडतड ओसरू लागली की जिरं. आच मंद. हिंग. मग कढीपत्ता, पूर्ण पुसलेला, हाताने एकदा मोडून. तो पारदर्शक होऊन कडेला कुरकुरीत झाला की हळद आणि लगेच डाळ किंवा भाजी. हळद आधी घातली तर कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत ती करपून कडवट होते. पाणी राहिलेला कढीपत्ता तेल अंगावर उडवतो. त्यामुळे लोक तो लांबून फेकतात आणि मग निम्मा गॅसवर पडतो.

कोथिंबीर गॅस बंद केल्यावर. तिचा वास उष्णतेने उडतो. काड्या मात्र टाकू नका. वासाला त्या पानांपेक्षा टिकाऊ असतात, वाटणात घाला.

हिरवी चटणी. निवडलेली कोथिंबीर ३ वाट्या दाबून, पुदिन्याची पानं १ वाटी. पुदिना याहून वाढला की चटणी कडवटते. आधी मिक्सरमध्ये डाळं १ मोठा चमचा, ३ मिरच्या, अर्धा इंच आलं, अर्धा चमचा जिरं आणि मीठ कोरडं फिरवा. मग पानं आणि ३-४ मोठे चमचे फ्रिजचं पाणी, थांबून थांबून फिरवा. सलग दोन मिनिटं फिरवलेल्या भांड्याला हात लावून बघा, गरम लागतं. चटणी काळपटते ती त्यानेच. लिंबू वाढताना पिळा. आंबटाने हिरवा रंग हळूहळू शेवाळी होत जातो.

कोथिंबिरीच्या वड्या. बारीक चिरलेली कोथिंबीर २ वाट्या दाबून, बेसन १ वाटी, तांदळाचं पीठ २ मोठे चमचे, आलं-लसूण-मिरचीचं वाटण २ चमचे, हळद अर्धा चमचा, तीळ १ मोठा चमचा, तेल १ मोठा चमचा, मीठ पाऊण चमचा, साखर चिमूटभर.

1. कोथिंबीर धुऊन फडक्यावर पसरून तासभर वाळवा, मग चिरा. ओली चिरली तर पीठ जास्त लागतं आणि वडी बेसनाची होते.
2. चिरलेल्या कोथिंबिरीत मीठ आणि वाटण मिसळून १० मिनिटं ठेवा. पाणी सुटेल.
3. आता पिठं, हळद, तीळ, तेल आणि साखर घाला. लागलंच तर पाणी चमच्या-चमच्याने, एकूण ३ मोठ्या चमच्यांच्या वर नाही. गोळा हाताला चिकटायला हवा, वाहायला नको.
4. तेल लावलेल्या हाताने वळकट्या करा, १५ ते १८ मिनिटं वाफवा. सुरी घातली तर स्वच्छ निघाली पाहिजे.
5. पूर्ण गार होऊ द्या, निदान अर्धा तास. गरम कापली की चुरा.
6. दीड सेंटिमीटरच्या वड्या कापून मध्यम गरम तेलात शॅलो फ्राय. कमी तापलेल्या तेलात वडी तेल पिते.

फुलावर आलेली कोथिंबीर वड्यांना वापरू नका, तिचे दांडे दाताखाली येतात.

कढीपत्त्याची चटणी. ताटाच्या कडेला काढून ठेवला जाणारा कढीपत्ता पोटात जाण्याचा हा एकमेव खात्रीचा मार्ग. फेब्रुवारीच्या छाटणीत निघालेली पानं इथे लावा. २ वाट्या पानं धुऊन, पुसून, रात्रभर सावलीत फडक्यावर वाळवा. चमचाभर तेलात अगदी मंद आचेवर ६ ते ८ मिनिटं परता. पान बोटांत चुरलं पाहिजे. नुसतं दुमडलं तर अजून परता. पाव वाटी तीळ, अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं आणि ६ लसूण पाकळ्या वेगवेगळ्या भाजा. सगळं थंड झाल्यावर १ चमचा तिखट, मीठ, थोडं आमचूर घालून भरड फिरवा. गरम खोबरं फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. कोरड्या बरणीत, कोरड्या चमच्याने, १५ दिवस.

गवती चहाचा चहा. दोन कपांसाठी सव्वा कप पाणी आणि फुटभराची तीन पानं. तुकडे करू नका, त्याचे धागे गाळणीतून उतरतात. पानं एकत्र धरून गाठ मारा आणि ३-४ मिनिटं पाण्यातच उकळा. आलं घालायचं तेही याच वेळी ठेचून, कारण कच्चं आलं दुधात पडलं तर दूध नासू शकतं. मग चहा पावडर, मग दूध, एक उकळी, आणि गाळायच्या आधी गाठ चिमट्याने उचलून घ्या.